जुनी टाकी, नवे नळ

आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा माशांच्या टाकीच्या नळांशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो शेवटपर्यंत स्पष्ट व्हावा अशी माझी खटपट राहील.

प्रश्न अगदी साधा आहे. खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. चार-पाच वर्षं चाललेली, रुळलेली. तिच्यात मासे आहेत, समुद्रफुलं आहेत, शेवाळ धरलेले दगड आहेत. टाकीच्या खाली, लाकडी कपाटात, आणखी एक छोटी टाकी आहे. हौशी मंडळी तिला ‘सम्प’ म्हणतात. वरचं पाणी ओसंडून नळानं खाली येतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. आता हे नळ बदलायचे आहेत. एक सांधा गळतोय, पंप कमी पडतोय, खालची टाकी मोठी हवी आहे. घरातल्या नळाचं काम असतं तर प्लंबर म्हणाला असता, “वरचा कॉक बंद करा, दुपारपर्यंत करून देतो.” टाकीच्या बाबतीत हे वाक्य चालत नाही. का चालत नाही, हे कळायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांची गोष्ट आज सांगायची आहे.

पहिला पंप

समुद्रातले जीव समुद्रापासून दूर, घरात जगवायचे, ही हौस एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये फोफावली. स्कॉटलंडमध्ये सर जॉन ग्रॅहम डॅलियल नावाचे एक निसर्गअभ्यासक होते. 1828 मध्ये त्यांनी किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. नळ नाही, पंप नाही. उपाय एकच: समुद्राचं ताजं पाणी पुन्हा पुन्हा आणायचं आणि जुनं फेकायचं. म्हणजे समुद्र आणि बरणी यांच्यामधला ‘नळ’ कोण, तर पाणी वाहून आणणारा माणूस. या समुद्रफुलाकडे आपण शेवटी परत येणार आहोत, त्याला लक्षात ठेवा.

एडिनबरोला समुद्र जवळ आहे. लंडनचं काय? 1846 मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचं पाणी रोज मिळणं शक्य नव्हतं, म्हणून आहे तेच पाणी ताजं ठेवायला हवं होतं. त्यांनी काय केलं? उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायचं, पुन्हा पहिल्यात, पुन्हा दुसऱ्यात. अर्धा-पाऊण तास. आणि हे काम घरातल्या मोलकरणीकडे होतं. आपल्याकडे गरम दूध वाटीतून पेल्यात ओतून निववतात ना, तसं. फरक इतकाच, की इथे पाण्यात हवा मिसळायची होती.

अ‍ॅना थिन यांचं नाव इतिहासात आहे. त्या मोलकरणीचं मला कुठे सापडत नाही. पण समुद्री मत्स्यालयातला पहिला पंप शोधायचा असेल, तर तो त्या बाईच्या दोन हातांत शोधावा लागेल. मी हे भावुक होऊन सांगत नाही. आज नळ आणि पंप जे काम करतात, ते आधी कुणाच्या तरी अंगावर होतं. नळ म्हणजे गोठवलेले श्रम. आणि ते श्रम थांबले की काय होतं, हे त्या बाईला नक्की माहीत असणार.

समतोलाची कल्पना आणि तिची किंमत

1850 च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं एक सुंदर कल्पना मांडली. वनस्पती प्राणवायू देतात, प्राणी तो घेतात. दोघांचं प्रमाण नीट जमलं तर पाणी बदलायला नको. टाकी म्हणजे एक छोटं, स्वयंपूर्ण जग. 1853 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी गेला. दिवाणखान्यात समुद्राची टाकी असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

कल्पना खोटी नव्हती, अपुरी होती. स्थिर पाण्याच्या त्या टाक्यांपैकी बऱ्याच आठवडाभरात, महिनाभरात नासायच्या. एक गोगलगाय कोपऱ्यात मरायची, पाणी दुधाळ व्हायचं आणि एका रात्रीत सगळं संपायचं. मग? मग पुन्हा किनाऱ्यावर जायचं आणि नवे जीव आणायचे. डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकांमधली डबकी या हौसेपायी अक्षरशः ओरबाडली गेली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. ज्या पुस्तकांनी लोकांना समुद्रावर प्रेम करायला शिकवलं, त्याच पुस्तकांचे वाचक हातोडी आणि छिन्नी घेऊन किनाऱ्यावर गेले.

हा मुद्दा नीट धरून ठेवू या. टाकी टिकत नाही तेव्हा नुकसान फक्त टाकीत होत नाही. प्रत्येक मेलेल्या टाकीची भरपाई कुठला तरी किनारा करत असतो.

लॉइडचं तळघर

आता आपल्या गोष्टीचा नायक येतो. विल्यम आल्फर्ड लॉइड. विद्यापीठात शिकलेला नाही. 1850 च्या दशकात लंडनमध्ये मत्स्यालयांचं सामान विकणारा दुकानदार. टाक्या विकता विकता त्या का मरतात, हे त्यानं जवळून पाहिलं. पुढे हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात 1864 मध्ये मत्स्यालय सुरू झालं, ते त्यानं सांभाळलं. आणि 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याचं सर्वांत मोठं काम उभं राहिलं. तिथली उत्तरेकडची बाजू 1866 च्या आगीत जळाली होती, त्या मोकळ्या जागेवर.

आकडे ऐका. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांत सुमारे 20,000 गॅलन पाणी होतं, म्हणजे नव्वद हजार लिटरच्या आसपास. आणि जमिनीखाली, अंधारात, एका हौदात सुमारे 1,00,000 गॅलन. पाचपट! प्रेक्षक जे पाहायचे ते एकूण पाण्याचा फक्त सहावा हिस्सा होतं. खालच्या हौदातून पाणी पंपानं वर यायचं, एका टाकीतून दुसरीत वाहायचं आणि पुन्हा खाली जायचं. दिवसरात्र, न थांबता.

हौद अंधारात का? एक म्हणजे पाणी थंड राहतं, उन्हाळ्यात एकदम तापत नाही. दुसरं म्हणजे पाणी हिरवं करणारं सूक्ष्म शेवाळ उजेडाशिवाय जगत नाही. एखादी टाकी गढूळली तर तिचं पाणी खालच्या मोठ्या हौदात मिसळून जायचं, आणि वरून स्वच्छ पाणी चालूच. एका टाकीचा रोग सगळ्या पाण्यावर वाटला जायचा आणि त्यामुळे सौम्य व्हायचा.

दुसरी गोष्ट नळांच्या साहित्याची. समुद्राचं पाणी धातू खातं आणि खाल्लेला धातू पाण्यात उतरतो. शिसं, जस्त, तांबं. तांब्याचं तर असं आहे, की माशांच्या काही परोपजीवींवर ते औषध म्हणून वापरतात, पण तेवढंच तांबं समुद्रफूल किंवा कोळंबी मारायला पुरतं. लॉइडनं पंपांसाठी आणि नळांसाठी व्हल्कनाइट वापरलं, म्हणजे गंधक घालून कठीण केलेलं रबर. आपल्या पिढीच्या फाउंटन पेनांची अंगं ज्या एबोनाइटची असत, तेच हे. पीव्हीसीचे पाइप फार नंतरचे. पण ‘खाऱ्या पाण्याला धातू लागू द्यायचा नाही’ हा नियम तेव्हाच पक्का झाला होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. लॉइडचं मत असं, की पाणी जुनं झालं म्हणून वाईट होत नाही. नीट फिरवलं तर ते मुरतं, सुधारतं. त्या काळाला हे चमत्कारिक वाटलं असणार. पाणी शिळं होतं हा तर सार्वत्रिक समज. पण लॉइडचा अनुभव उलटा होता. फक्त, असं का होतं, हे त्याला सांगता येत नव्हतं.

याच लॉइडचा सल्ला अँटन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं नेपल्सच्या मत्स्यालयासाठी घेतला. ते 1874 मध्ये लोकांसाठी उघडलं. खाली लोक तिकीट काढून मासे पाहणार आणि त्या पैशाचा हातभार वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळांना लागणार, अशी ती योजना. नेपल्सची ती संस्था आजही उभी आहे.

नळातले रहिवासी

लॉइडच्या ‘मुरलेल्या पाण्याचं’ रहस्य उलगडलं ते गटाराच्या पाण्यातून. 1877 मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळूच्या थरातून हळूहळू झिरपू दिलं. काही दिवसांनी पाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होऊ लागलं. मग त्यांनी त्या वाळूत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, आणि काम बंद पडलं! निर्जीव रासायनिक क्रिया असती तर ती क्लोरोफॉर्मनं कशी थांबली असती? म्हणजे वाळूत कुणीतरी जिवंत होतं. 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले. लॉइड 1880 मध्येच वारला होता. आपला हौद नेमका कोण चालवतंय, हे त्याला कधीच कळलं नाही.

आता चित्र पूर्ण होतं. माशांच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो आणि तो विषारी असतो. समुद्राचं पाणी थोडं अल्कधर्मी असल्यामुळे तिथे तो गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त बाधतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: दगडाला, वाळूला, गाळणीच्या स्पंजाला आणि नळांच्या आतल्या भिंतींना. बुळबुळीत लागतो ना जुना पाइप आतून? तो बुळबुळीतपणा म्हणजे घाण नव्हे, ती वस्ती आहे. नव्या टाकीत ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ‘रुळलेली टाकी’ या शब्दाचा अर्थ हाच. काच रुळत नाही, मासेही रुळत नाहीत. रुळते ती ही न दिसणारी वस्ती.

समुद्रावरून थेट पाणी घेणाऱ्या ठिकाणी ही वस्ती डोळ्यांना दिसते. कॅलिफोर्नियातलं माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम 1984 मध्ये सुरू झालं. तिथे दिवसा प्रेक्षकांना स्वच्छ दिसावं म्हणून गाळलेलं पाणी सोडतात, आणि रात्री न गाळलेलं, म्हणजे त्यातले सूक्ष्म जीव टाकीतल्या प्राण्यांना खायला मिळतात. पण न गाळलेल्या पाण्याबरोबर शिंपल्यांची पिल्लंही येतात आणि पाइपातच घर करतात. म्हणून समुद्रकाठच्या काही प्रयोगशाळांत पाणी घेणारे नळ दोन-दोन ठेवलेले असतात. एक चालू, एक बंद. बंद नळात प्राणवायू संपतो, आतले शिंपले मरतात, मग तो धुऊन काढायचा आणि पाळी बदलायची.

बघा, एकाच वस्तूची दोन रूपं. वाहता नळ जगवतो, थांबलेला नळ मारतो. आपल्या घरच्या टाकीलाही हे तंतोतंत लागू आहे.

मुंबईकरांना तारापोरवाला मत्स्यालय माहीत आहे. 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालं, नूतनीकरणानंतर 2015 मध्ये पुन्हा उघडलं, अ‍ॅक्रिलिकच्या बोगद्यासह. लोकांच्या लक्षात बोगदा राहतो. ते स्वाभाविकच आहे. पण कुठल्याही मत्स्यालयाचं आयुष्य बोगद्यावर ठरत नाही, मागच्या खोलीत ठरतं.

मग नळ बदलायचे कसे?

1986 मध्ये अमेरिकेतल्या एका मत्स्यालय-मासिकात जॉर्ज स्मिट यांची लेखमाला आली, आणि टाकीखाली गाळणीची दुसरी टाकी ठेवायची पद्धत तिथल्या घराघरांत पोहोचली. गंमत अशी, की हे लॉइडचं तळघरच होतं, फक्त उलट्या प्रमाणात. त्याचा हौद पाचपट मोठा, आपला सम्प टाकीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याचा. त्यामुळे चूक पचवायची ताकदही तितकीच कमी. म्हणून इतिहासातून निघणारे काही नियम सांगतो.

पहिला: आधी नवं उभं करा, मग जुनं सोडा. नवी जोडणी बाहेर कोरडी बसवून पाहा. पीव्हीसीचं सोल्युशन पूर्ण वाळू द्या. साध्या पाण्यानं गळती तपासा, मग धुऊन घ्या. जुन्या-नव्याची अदलाबदल काही मिनिटांत व्हायला हवी. त्यासाठी जोडांना युनियन ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी करवत लागणार नाही. आणि कुठेही पितळी जोड किंवा लोखंडी क्लिप नको.

दुसरा: पंप बंद असताना टाकीचा श्वास चालू ठेवा. 25 अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. शिल्लक मुळातच कमी. म्हणून हवेचा छोटा पंप किंवा पाणी हलवणारा पंखा टाकीत आधीच सुरू करून ठेवावा.

तिसरा: जुन्या नळातलं आणि गाळणीतलं थांबलेलं पाणी परत टाकीत जाऊ देऊ नका. काही तास बंद राहिलेल्या गाळात प्राणवायू संपतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येऊ लागतो. तो वायू विषारी आहे. पहिलं पाणी बादलीत, मग मोरीत.

चौथा: सगळं एका दिवशी चकचकीत करू नका. नळ बदलले तर दगड आणि गाळणी तशीच राहू द्या, समुद्राच्या पाण्यात ओली. गाळणी महिनाभरानं बदला. नंतरचे दोन आठवडे अमोनिया मोजत राहा.

पाचवा नियम खास आपला, वीज जाणाऱ्या देशातला. पंप थांबला की वर पाणी नेणारा नळच सायफन होतो आणि वरचं पाणी खाली ओढतो. किती? 120 सेंटिमीटर लांब आणि 45 रुंद टाकी घ्या. नळाचं तोंड पाण्याखाली 15 सेंटिमीटर असेल, तर ते उघडं पडेपर्यंत 81 लिटर पाणी खाली येणार. सम्पमध्ये तेवढी जागा नसेल तर ते दिवाणखान्यात. तोंड पृष्ठभागाखाली 2 सेंटिमीटरवर आणलं, तर अकरा लिटरसुद्धा नाही. काम संपल्यावर स्वतः मेन स्विच बंद करून पाहा. रात्री तीन वाजता महावितरणनं ही परीक्षा घेण्यापेक्षा आपणच संध्याकाळी घेतलेली बरी.

आणि काचेला नवं भोक पाडायचा विचार असेल, तर काच टफन केलेली आहे का ते आधी विचारा. टफन काचेला भोक पडत नाही, तिचे तुकडे होतात.

जहाज की दिवा?

आता माझ्या घरच्या अंगणात येतो. तत्त्वज्ञानात थीसियसच्या जहाजाचं जुनं कोडं आहे. एकेक फळी बदलत सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? विसाव्या शतकात ऑटो नॉयराथ यांनी त्यात महत्त्वाचा बदल केला. ते ज्ञानाबद्दल बोलत होते. त्यांचं म्हणणं असं, की आपण भर समुद्रातले खलाशी आहोत. जहाज गोदीत नेऊन पायापासून बांधायची सोय नाही. तरंगत असतानाच एकेक फळी बदलायची. टाकीच्या नळांना थीसियसपेक्षा नॉयराथ जवळचा, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

पण मला वाटतं, आणखी नेमकी उपमा आपल्याकडे, ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात आहे. राजा मिलिंदाला नागसेन दिव्याचा दाखला देतो. पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरी जळणारी ज्योत एकच का? तेल बदललं, वात जळत गेली, तरी रात्रभर दिवा एकच. जहाजाची फळी काढून ठेवा, चहा घेऊन या, मग बसवा. थोडी गैरसोय होईल इतकंच. ज्योतीला अशी सुट्टी देता येत नाही. तिचं ‘तेच असणं’ तिच्या भागांत नसतं, न तुटण्यात असतं. रुळलेली टाकी जहाजासारखी दिसते, पण ती दिवा आहे. नळ बदला, पंप बदला, हळूहळू सगळं पाणीसुद्धा बदला. प्रवाह तुटू देऊ नका, एवढीच अट. लॉइडनं ही अट अनुभवानं ओळखली, जिवाणूंनी नंतर तिचं कारण सांगितलं.

यात पणाला काय लागलंय? क्लाउनफिश हा बोटाएवढा नारिंगी मासा टाकीत वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. बहुतेक पंप तितके टिकत नाहीत. म्हणजे त्या माशाच्या आयुष्यात नळ बदलण्याची वेळ येणारच, कदाचित चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी त्याचा जीव आपल्या घाईवर किंवा धीरावर अवलंबून. त्याला विचारायची सोय नाही. आणि तो मेला, तर त्याची जागा भरायला पुन्हा कुठल्या तरी प्रवाळकड्यावर जाळं पडू शकतं. डेव्हनच्या किनाऱ्याची गोष्ट संपलेली नाही, तिचा पत्ता फक्त बदलला आहे. आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे.

आता डॅलियल यांचं समुद्रफूल. 1851 मध्ये डॅलियल वारले. समुद्रफूल जिवंत होतं. ते दुसऱ्या माणसाकडे गेलं, मग तिसऱ्याकडे. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणू लागले. पाणी हजारो वेळा बदललं, सांभाळणारे हात बदलले. ते 1887 मध्ये मेलं. सापडल्यापासून 59 वर्षांनी! तिथे लॉइडचा हौद नव्हता, व्हल्कनाइटचे नळ नव्हते. होती ती एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली काळजी, आणि मध्ये कुणी खंड पडू दिला नाही.

जुन्या संस्था, जुनी घरं, भाषासुद्धा, बंद ठेवून दुरुस्त करता येत नाहीत. त्या चालू ठेवूनच बदलाव्या लागतात, आणि बदलताना भिंतीला चिकटलेली जी वस्ती आपल्याला दिसत नाही, तिला धरून चालावं लागतं. पण तो पुढचा विषय, आज त्यात शिरत नाही. ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी आज रात्री कपाटाचं दार उघडून नळाचं तोंड पाण्याखाली किती आहे, तेवढं मोजावं.